रक्तदाब कुणाचा, धाक कुणाचा?

दवाखान्यात गेलं की बी.पी. वाढतं आणि घरी आलं की उतरतं, असं बायका सांगतात तेव्हा ते बहुधा हसण्यावारी नेलं जातं. 'मनाचे खेळ आहेत', 'बाई घाबरट आहे' एवढ्यावर विषय संपतो. नाहीतर एकाच मोजणीवर हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते. जामनेर तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करताना हे दोन्ही प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहते. दोन्हीत एक गोष्ट सारखीच राहून जाते: त्या बाईला धाक कशाचा वाटला, हे कुणी विचारत नाही. म्हणूनच हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही, आपल्या चळवळीचाही आहे असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दवाखान्यात रक्तदाब वाढणं हा बायकांचा कांगावा नाही. 1983 साली इटलीतल्या ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या 48 जणांचा रक्तदाब थेट धमनीतून सतत नोंदवला. डॉक्टर मोजायला खाटेजवळ आले की काही मिनिटांतच वरचा आकडा सरासरी 27 नी आणि खालचा 15 नी चढायचा. पुढे त्यांनीच दाखवलं की तीच मोजणी नर्सने केली तर ही वाढ साधारण निम्मीच होते. 1988 साली अमेरिकेतले डॉ. थॉमस पिकरिंग यांनी दवाखान्यात थोडा जास्त रक्तदाब निघालेल्या 292 जणांना दिवसभर मोजणारं यंत्र लावलं. त्यांतल्या 21 टक्के लोकांचा रक्तदाब एरवीच्या व्यवहारात सामान्य निघाला. यांत बायकांचं आणि तरुणांचं प्रमाण जास्त होतं. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून या प्रकाराला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' असं नाव आहे.

आपल्या देशातही हे तपासून झालं आहे. 'इंडिया हार्ट स्टडी'त 18,918 जणांचा रक्तदाब दवाखान्यात आणि घरी असा दोन्हीकडे मोजला. त्यांच्यापैकी 42 टक्के लोकांच्या बाबतीत पहिल्या भेटीतला निष्कर्ष आणि घरचा निष्कर्ष जुळला नाही. काहींचा दवाखान्यात जास्त आणि घरी सामान्य होता, तर काहींचा नेमका उलट.

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. पुरुषांचंही असंच होतं. पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा दवाखाना सारखा नसतो, हे आपण विसरू नये.

एखाद्या खेड्यातली बाई जामनेरला तपासणीला येते तो दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून भाकरी, धुणी, गुरांचं उरकायचं. त्या दिवसाची मजुरी बुडालेली. सकाळपासून पोटात बहुतेक चहाच. सवय असेल तर मशेरीही लावलेली. एस.टी. नाहीतर कालीपिली गाडीत दाटीवाटीने उभं राहून यायचं. केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग. बायकांचं स्वच्छतागृह कुलपात किंवा आत पाय ठेवण्यासारखं नाही, म्हणून तासन् तास लघवी दाबून धरलेली. नंबर लागला की घाईघाईत आत. सोबतचा नवरा किंवा सासूच बोलणार. 'काय होतंय गं तुला?' असं एकेरीत विचारलं जाणार, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा आवळला जाणार. तांड्यावरची जुनी लमाण बाई असेल, तर दंडापर्यंतच्या बांगड्यांमुळे पट्टा धड बसतसुद्धा नाही. आकडा लिहिला जातो. पुढचा नंबर.

यांतली प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवू शकते. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायला हवं. लघवी करून आलेलं असावं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि मोजताना कुणी बोलायचं नाही. शिवाय एकदा नाही, किमान दोनदा मोजायचं. नर्सिंगच्या पुस्तकात हे सगळं असतं. मग ते बाईपर्यंत का पोचत नाही?

गर्दी आहे, माणसं कमी आहेत, हे खरं आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरवर किती रजिस्टरं लादली आहेत हे मी रोज बघते; तिला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण सरकारला अचूक आकडा हवा असतो तेव्हा तो मिळवता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे कार्यकर्ते घरी येतात आणि पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा रक्तदाब मोजतात. देशाच्या तक्त्यासाठी तीन मोजण्या लागतात, आणि एका बाईला जन्मभराची गोळी लावायला मात्र एक पुरते! 2022 च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान झालं, 2025 च्या सप्टेंबरात 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' झालं. शिबिरं व्हायलाच हवीत. पण मंडपात, लाउडस्पीकरच्या आवाजात, रांगेतून आलेल्या बाईचा पहिला आकडा म्हणजे निदान नव्हे. ती पुन्हा मोजायची सूचना आहे.

आमच्या एका गटातल्या आक्का कापूस वेचायला जातात. एका दवाखान्यात एकदाच मोजून त्यांना गोळी सुरू झाली. महिन्याभरात वावरात उभ्या राहिल्या की चक्कर यायला लागली. आशाताईने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या ओट्यावर बसून मोजलं, तर आकडे 120-125 च्या आसपास. ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही नीट वाचली, गोळी थांबवली आणि दर महिन्याला मोजायला सांगितलं. तेव्हा आक्का म्हणाल्या, "ताई, डॉक्टर रागावत नाही, खोलीची भीती वाटते. तिथं गेलेल्या कितीक बाया काहीतरी काढून घेऊनच परत आल्या."

हे बोलणं अडाणीपणाचं म्हणून सोडून देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी राज्य सरकारने नेमलेल्या समितीने 2019 साली केली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. नसबंदीच्या शिबिरात ओळीने झोपवलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या, बाळंतपणात ज्यांनी थपडा आणि शिव्या खाल्ल्या, त्यांच्या धाकाला अनुभवाचा आधार आहे. अशा बाईला 'घाबरू नकोस' असं बजावून रक्तदाब उतरत नाही. वागणूक बदलली तर उतरतो.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. 'दवाखान्यातला आकडा खोटाच असतो' असा समज कुणी पसरवू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या साधारण 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होतं. कितीतरी जणींना हा आजार असल्याची जाणीवच नसते. त्यामुळे चालू असलेली गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. घरच्या नोंदी घेऊन डॉक्टरांशी बोलावं. ज्यांचा फक्त दवाखान्यातच वाढतो, त्यांनाही पुढे हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असू शकतो, हे 2019 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं आहे. म्हणून वरचेवर मोजत राहणं आलंच. आणि गरोदर बाईचा आकडा 140/90 किंवा त्याहून वर गेला, तर 'घाबरली असेल' म्हणून घरी पाठवणं हा गुन्हा समजावा. तिला थांबवून पुन्हा मोजलंच पाहिजे, लघवी तपासलीच पाहिजे. 160/110 झाला तर क्षणाचाही उशीर न करता मोठं रुग्णालय.

आणखी एक प्रकार आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी ओळखायला हवा: दवाखान्यात सामान्य, घरी जास्त. याला छुपा रक्तदाब म्हणतात. डॉक्टर तो सहज चुकवू शकतात, कारण त्यांच्यासमोर सगळं ठीक असतं. याची कारणं अनेक असतात. तंबाखू आणि कामाचा ताणही त्यांत येतो. पण एका वहिनींच्या वहीत संध्याकाळचेच आकडे चढलेले दिसले आणि आम्ही विचारलं, तेव्हा नवऱ्याच्या दारूची आणि मारहाणीची गोष्ट बाहेर आली. त्यांच्यासाठी दवाखाना हीच दिवसातली शांत जागा होती. धाक घरात होता. तो गोळीने कसा जाणार? त्यांना औषधही लागलं आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्जही करावा लागला.

मग करायचं काय? एक, गटाने मिळून दंडाला लावायचं स्वयंचलित यंत्र घ्यावं. साधारण दीड-दोन हजारांत मिळतं, म्हणजे दहा-बारा जणींत फार जड नाही. मनगटाचं घेऊ नये. अधूनमधून दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहावं. दोन, मोजायची असेल त्या बाईने सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहावं. दवाखान्यात 140/90 ही सीमा धरतात, घरी 135/85. तीन, वही घेऊन डॉक्टरांकडे एकटीने न जाता मैत्रिणीला घेऊन जावं आणि पहिला आकडा जास्त आला तर 'पाच मिनिटं बसते, पुन्हा मोजा' असं सांगावं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. तेव्हा पुन्हा येण्याचा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा उरतो. म्हणूनच ही मोजणी गावात, आशाताईच्या हातून व्हावी आणि तिला त्याचा वेगळा मोबदला मिळावा, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चौथी मागणी उपजिल्हा रुग्णालयापासून उपकेंद्रापर्यंत सगळीकडे करायची आहे: बसायला खुर्च्या, बायकांसाठी उघडं आणि स्वच्छ संडास-मुतारी, वेगवेगळ्या मापांचे पट्टे, आणि बोलताना 'तुम्ही'. याला फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या दोघी-तिघींनी हे चार मुद्दे लिहून द्यावेत, त्याची पोच घ्यावी आणि काय उत्तर मिळालं ते आपल्या गटांना कळवावं.