सायकलस्वारांची घराणी

शास्त्रीय संगीतात जशी घराणी असतात, तशीच ती सायकलस्वारांतही असतात, हे मोटारीच्या काचेआडून पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. त्याच्या लेखी दोन चाकांवर पाय मारीत जाणारी ती सारी माणसे सारखीच, आणि वाटेत अडथळा करणारीही सारखीच. परंतु रविवारी पहाटे पुण्याहून लोणावळ्याकडे किंवा नाशिकहून कसाऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या चहाच्या टपरीपाशी अर्धा तास थांबावे. प्रत्येक घराण्याचा पेहराव निराळा, बोली निराळी आणि दुसऱ्या घराण्याविषयीची मतेही पक्की असल्याचे तेवढ्या वेळात कळून येते.

शर्यतीच्या सायकलचा स्वार दुरूनच ओळखू येतो. खाली वळलेले हँडल, बोटाएवढे अरुंद टायर, अंगाला घट्ट चिकटलेले कपडे आणि बारीक लक्ष सरासरी वेगावर. सायकलचे वजन तो ग्रॅममध्ये सांगतो. स्वतःच्या पोटाचे सांगत नाही, अशी इतरांची तक्रार असते. डोंगरवाटेचा स्वार जाड, दातेरी टायरांवर येतो आणि अंगावरचा चिखल पदकासारखा मिरवतो. डांबरी रस्त्यावर चालवणे म्हणजे घरात बसून पोहण्यासारखे, असे त्याचे मत. ट्रायथलॉनवाला हँडलवर कोपरे टेकून जवळजवळ आडवा होऊन जातो, म्हणून घोळक्यात त्याच्या मागे राहायला कोणी राजी नसतो. एकाच गियरची सायकल चालवणारा इतरांच्या गियरांकडे, अंगावर फार दागिने घातलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतो. आणि ब्रेव्हेवाला! अंगात चमकणारे जाकीट, पुढे दोन दिवे, मागे दोन, सीटखाली पिशवी आणि डोळ्यांत अपुरी झोप. त्याला वेग विचारणे हा अपमान. ‘वेळेत पोहोचलात का?’ एवढेच विचारावे.

या शेवटच्या घराण्याचे नियम हिशेबी मनाला फार आवडण्याजोगे आहेत. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास अशी मुदत ठरलेली असते. एका वर्षात चारही टप्पे पुरे करणाऱ्यास ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. पहिला कोण, शेवटचा कोण, हे कोणी पाहत नाही. मुदतीच्या आत आलेले सगळे सारखेच. वाटेत ठरावीक ठिकाणी पोहोचल्याचा पुरावा मात्र लागतो, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा एटीएमच्या चिठ्ठीने दिला जातो. त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि वेळ छापलेली असते, यंत्राला कोणाची भीडभाड नसते. रात्री अडीच वाजता एखाद्या तालुक्याच्या गावी घामाघूम माणूस येतो, केवळ शिल्लक पाहून चिठ्ठी घेतो आणि अंधारात निघून जातो, तेव्हा तेथील पहारेकऱ्याच्या मनात कोणते विचार येत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

ही थट्टामस्करी आजची नाही. तिचा सर्वांत रंगतदार अध्याय फ्रान्समध्ये घडला, आणि त्यात थट्टेहून बरेच काही पणाला लागले होते.

सेंत एतियेन या गावी पॉल द व्हिव्ही नावाचे रेशमाचे व्यापारी राहत. जन्म 1853 चा. सायकलचा छंद जडला आणि तो इतका वाढला की रेशमाचा धंदा सोडून त्यांनी सायकलींचे दुकान थाटले, सायकलीवरच मासिक काढले आणि त्यात ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहू लागले. डोंगराळ मुलखात सायकल चालवायची, तर चढावर एक आणि सपाटीवर दुसरा असे निरनिराळे गियर हवेत, हा त्यांचा ध्यास. सायकलवरील प्रवाशांसाठी त्यांनी घालून दिलेले नियम आजही सांगितले जातात. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दम संपेपर्यंत रेटू नये, प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी, आणि केवळ मिरवण्यासाठी पाय कधीही मारू नयेत. स्वतः व्हेलोसिओ शाकाहारी होते आणि उतारवयातही दिवसरात्र सलग सायकल चालवीत. आपल्या वाचकांना हे गृहस्थ परके वाटू नयेत.

त्यांच्या समोर उभे होते आंरी देग्रांज. तासाभरात अधिकाधिक अंतर कापण्याचा पहिला अधिकृत विक्रम 1893 मध्ये त्यांनीच केला होता, 35.325 किलोमीटरचा. पुढे ते ‘लोतो’ या क्रीडापत्राचे संपादक झाले आणि 1903 मध्ये त्यांनी ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. माणसाने यंत्रावर नव्हे, स्वतःच्या स्नायूंवर जिंकावे, असा त्यांचा करडा आग्रह होता. 1902 च्या एका डोंगराळ चाचणीत मार्त एस ही तरुणी तीन गियरांच्या सायकलवर एकदाही पाय जमिनीला न टेकता चढ चढून गेली आणि एकाच गियरवर चालवणारा नामांकित शर्यतपटू तिच्यापुढे फिका पडला, ही हकिकत सायकलच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. देग्रांज यांचा निवाडा ठरलेलाच होता. बदलते गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत, असे त्यांनी लिहिले.

हे वाक्य विनोदाचे वाटते, परंतु त्यातला दंश ओळखला पाहिजे. ज्याला आधार लागतो तो खरा सायकलस्वार नव्हे, हा त्याचा अर्थ. वयस्कर माणूस, स्त्री, सामान्य प्रवासी हे सारे त्या एका वाक्याने पंगतीच्या बाहेर बसवले गेले. आणि ज्याच्या हाती शर्यत होती, त्याच्या हाती नियमही होते. तूर द फ्रान्समधील स्पर्धकांना गियर बदलण्याचे साधन 1937 पर्यंत मिळाले नाही. तोवर चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढायचे, दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्राकडे फिरवून पुन्हा बसवायचे, आणि माथ्यावर तोच उपद्व्याप पुन्हा करायचा. थंडीने बोटे बधिर झालेली असताना हे करणे म्हणजे काय, ते ज्याने साखळीशी झटापट केली आहे त्यालाच कळेल. रस्त्यावरून आरामात जाणाऱ्या हौशी म्हाताऱ्यापाशी जी सोय होती, ती जगातील सर्वोत्तम स्वारांना तीसएक वर्षे नाकारली गेली, कारण ती ‘दुसऱ्या घराण्याची’ होती.

गंमत अशी की, ज्या ब्रेव्हेवाल्यांना शर्यतवाले हसतात, त्यांच्या कुळाचा एक मूळपुरुषही देग्रांजच. 1897 मध्ये काही इटालियन स्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे 230 किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापले आणि ‘ऑदाक्स’, म्हणजे धाडसी, हे नाव मिळवले. ती प्रथा 1904 मध्ये फ्रान्समध्ये आणली देग्रांज यांनी. तिच्यातही पुढे भाऊबंदकी झालीच. सर्वांनी एका गतीने एकत्र जावे म्हणणारे एकीकडे आणि ज्याने त्याने आपल्या गतीने जावे म्हणणारे दुसरीकडे, असे 1921 मध्ये दोन तट पडले. आपल्याकडची ब्रेव्हे-मंडळी या दुसऱ्या तटाची वारस. दर चार वर्षांनी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा 1200 किलोमीटरच्या यात्रेला तीच मंडळी महाराष्ट्रातून निघतात, 90 तासांची मुदत उराशी बाळगून.

घराण्याच्या अभिमानाची किंमत कधी किती पडते, याचा हिशेब 1989 च्या तूरमध्ये सेकंदांत मांडता येतो. अखेरच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची एकेकट्याची दौड होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांचे कोपरे टेकवायचे हँडल लावले होते, तेच, ज्याला शर्यतवाले नाके मुरडीत. फिन्यों साध्या हँडलवर, डोक्यावर शिरस्त्राणही न घालता, मागे शेंडीसारखे बांधलेले केस उडवीत गेला. तीन हजारांहून अधिक किलोमीटरच्या त्या शर्यतीत तो आठ सेकंदांनी हरला. हरण्याला त्याची दुखापतही कारण झाली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतर त्या हँडलाला कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

झोपून चालवायच्या सायकलींचे नशीब इतके थोर नव्हते. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या स्वाराने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, उताणे बसून पाय मारायच्या सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि 1914 पासून अबाधित असलेला 44.247 चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकल कशास म्हणावे याची व्याख्याच अशी केली की, ते वाहन शर्यतीतून बाद झाले. विक्रम मोडणारा हरला आणि व्याख्या करणारा जिंकला! ज्यांनी कचेऱ्यांत उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

उलट, दोन घराण्यांच्या सोयरिकीतूनच तिसरे जन्माला येते, याचा दाखला अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा. 1976 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावरून काही तरुणांनी फुग्यासारख्या टायरांच्या जुनाट सायकली उतारावर सोडून शर्यत लावली. उतार असा की, मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे; त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली पुढे गाजलेली नावे. डोंगरी सायकलचे हे जनक मूळचे रस्त्यावरच्या शर्यतींच्या गोटातले होते. डोंगरवाल्यांनी हे नातेसंबंध विसरण्याचा चंग बांधलेला दिसतो.

महाराष्ट्रातही पराक्रमाची उणीव नाही. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये जोडीने पुरी केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकेकट्याने पार केली. मुंबई-पुणे शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब तर कैक वर्षांचा. परंतु येथील खरी तेढ या घराण्यांमध्ये नाही. ती एका प्रत्ययात आहे. चिकट कपड्यांतला, रविवारी निघणारा स्वार ‘सायकलपटू’ किंवा ‘सायकलिस्ट’. रोज पहाटे कॅरिअरला दोन्ही बाजूंना किटल्या लटकावून जाणारा, रात्रपाळीहून परतणारा, पाठीमागे गवताचा भारा बांधून चढ चढणारा तो मात्र ‘सायकलवाला’. त्याची ती काळी, दांडीची, साखळीवर पत्र्याचे झाकण असलेली सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ओझे निराळे. तो वर्षाकाठी जितके अंतर कापतो, तितके टपरीवरच्या मंडळींपैकी फार थोडे कापत असतील. फक्त ते कोठे नोंदले जात नाही. त्याच्या मागे लाल दिवा नसतो, चमकणारे जाकीट नसते, आणि अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणारा ट्रक प्रत्यय पाहून ब्रेक लावीत नाही. सायकलमंडळांच्या सभांत शिरस्त्राणांवर तासतासभर वाद होतात. त्या सभांना काळ्या सायकलीवरून कोणी येत नाही, कारण त्याला बोलावणेच गेलेले नसते. काही गावांत हौशी मंडळी अशा सायकलींच्या मडगार्डांना लाल परावर्तक पट्ट्या चिकटवून देतात. काम पाच मिनिटांचे असते आणि त्याला व्याख्या लागत नाही.

वास्तविक साठी उलटलेल्या बहुतेक सायकलपटूंचे मूळ घराणे काळ्या सायकलीचेच. तासावर भाड्याने आणलेली सायकल, दांडीखालून पाय घालून ‘कैंची’ मारण्याची पहिली धडपड, सोललेले गुडघे, वडिलांच्या परवानगीने मिळालेली पहिली डबलसीट फेरी आणि चाकाला घासून घरघरणारा डायनामो. त्याच गुडघ्यांना आता देग्रांज यांनी पंचेचाळिशीपुढच्यांसाठी राखून ठेवलेले सर्वांत हलके गियर लागतात.

घराण्यांची खरी गाठ पडते ती पंक्चरच्या दुकानात. लाखांच्या घरातील सायकल घेऊन स्वार रस्त्याकडेच्या दुकानाशी येतो, तेव्हा कळते की, त्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह निराळ्या जातीचा असून दुकानदाराचा पंप त्यावर बसत नाही. नखाएवढा एक पितळी तुकडा लागतो, आणि तो घरच्या टेबलावर राहिलेला असतो. मग सायकल उलटी होते, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडते, बुडबुडे शोधले जातात, आणि पितळी तुकडा घेऊन येणाऱ्या सोबत्याची वाट पाहणे सुरू होते. शेजारी काळ्या सायकलीवरचा दूधवालाही टेकलेला असतो. सायकल केवढ्याची, हा प्रश्न येतोच. स्वार किंमत सांगतो. खरी नव्हे, घरी सांगितलेलीही नव्हे, तर तिच्याहून खालची. दूधवाला ते ऐकून घेतो, सायकलभोवती एक फेरी मारतो, एका बोटाने ती उचलून पाहतो, चाक फिरवून त्याचा आवाज ऐकतो आणि अखेर विचारतो, ‘साहेब, मडगार्ड न्हाई. पावसात कसं करता?’