'द्रूस' : ओक की नुसते झाड?

प्राचीन ग्रीक भाषेतील 'द्रूस' म्हणजे ओक वृक्ष, असे कोश सांगतात. संस्कृतातील 'द्रु' आणि 'दारु' हे त्याचे सगोत्र शब्द होत, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते मूळ अर्थाविषयी. हेर्मान ओस्टहोफ यांनी १९०१ मध्ये आणि पॉल फ्रीड्रिच यांनी १९७० मध्ये 'ओक' हाच आदिम अर्थ मानला. 'झाड' व 'लाकूड' हे त्याचे पुढील विस्तार. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी १९५४ मध्ये उलट पक्ष मांडला होता. मूळ कल्पना दृढतेची, आणि ओक हा मागाहून झालेला अर्थसंकोच.

बेन्व्हेनिस्त यांचाच पक्ष सयुक्तिक आहे. ओकचा अर्थ ग्रीक व केल्टिक भाषांत आढळतो. हित्ती 'तारु', गॉथिक 'त्रिउ', अवेस्तातील 'दाउरु' यांत त्याचा मागमूस नाही. इतक्या दूरदूरच्या शाखा एकच वृक्ष स्वतंत्रपणे विसरल्या असे मानण्यापेक्षा, ओकबहुल प्रदेशात सामान्य नामाला विशेष अर्थ चिकटला असे मानणे सोपे. शिवाय विसरायला वृक्ष दृष्टीआड व्हावा लागतो; हिमालयात तर बांज ओकची अरण्येच आहेत.

खुद्द ग्रीकची साक्षही हीच. 'दोरु' म्हणजे भाला, तसेच इमारती लाकूड. 'ओडिसी'त ट्रॉयच्या घोड्याला याच शब्दापासून साधलेले विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ कोणी 'ओकचा' असा करीत नाही. पीलोस येथील इ. स. पू. तेराव्या शतकातील मृत्तिकापट्टिकांत 'द्रुतोमोस' रथशाळेला ५० आस पुरवितात. हे लाकूडतोडे होत. केवळ ओक तोडणारे नव्हेत. प्राचीन लोक कोणत्याही झाडाला 'द्रूस' म्हणत, असे होमरचे जुने टीकाकारही नोंदवून ठेवतात.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. 'ओक' मूळ मानला की आदिम वसतिस्थान ओकच्या प्रदेशात शोधले जाते आणि संस्कृत ही विस्मरणाची शाखा ठरते. एका शब्दावर एवढा भार टाकणे धाडसाचे आहे. वृक्षनामे किती सहज स्थलांतर करतात हे भारतीय भाषांच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. हिमालयातला देवदार सूचिपर्णी. बंगालीत 'देबदारु' म्हणजे रस्त्याकडेचा उंच, पसरट पानांचा, मराठीत खोटा अशोक म्हणतात तो. पुरीच्या दारुब्रह्माचे दारु कडुनिंबाचे. दारुहळद तर झुडूपच. आणि 'द्रु'पासून झालेला 'द्रोण' वेदात सोमरसाचे लाकडी पात्र होता; महाराष्ट्राच्या पंगतीत तो पळसाच्या पानांचा झाला.