'पडीक' कोणाला म्हणावे?

गेल्या श्रावणात आमच्या कचेरीतील मराठी मंडळी बेंगळुरूच्या वायव्येस हेसरघट्ट्याच्या माळावर सहलीस गेली होती. गुडघाभर गवत वाऱ्यावर डुलत होते. ते पाहून एक स्नेही उद्गारले, "केवढी ही पडीक जमीन! सरकारने हिचे काहीतरी करावयास हवे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्नेही सज्जन आहेत, टिपणी लिहिण्यात वाकबगार आहेत. आणि म्हणूनच त्यांच्या तोंडचा हा शब्द आम्हांला भयंकर वाटला. माळावर उच्चारलेला 'पडीक' वाऱ्यावर विरतो. फायलीत शिरलेला 'पडीक' हजारो एकर गिळतो.

आपण ज्या मुलखात नोकरी करतो त्याचाच इतिहास पाहावा. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांनी १७ व्या शतकात सरकारी गुरांसाठी 'बेण्णे चावडी' हे खाते उभारले. टिपू सुलतानाने त्यास 'अमृतमहल' हे नाव दिले. सैन्याचे सामान ओढणारे चपळ बैल याच कळपांतले. त्यांच्यासाठी राखलेल्या कुरणांना 'कावल' म्हणत, आणि त्यांचे ऋतुमानाप्रमाणे तीन वर्ग होते: उन्हाळी, पावसाळी व हिवाळी. उन्हाळी कावल सर्वांत मोलाची. बहुधा ती तळ्यांच्या पोटातील जमीन असे. भोवतालचा माळ करपला तरी तेथे गवत, पाणी आणि झाडांची सावली मिळे.

यामागील शहाणपण आपल्या देशावरच्या गुराख्यासही ठाऊक आहे. कुसळी गवत कोवळे असता गुरे ते आवडीने खातात. कुसळे पिकली की तेच तोंडात व कातड्यात रुतते. मग गुरे काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात शिरतात, आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर दिवस काढतात. आपले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणात उतरतात व पावसाळ्यापूर्वी घाटावर परततात. मोजणीदार आला त्या महिन्यात माळावर खूर दिसला नाही, म्हणून तो माळ रिकामा ठरतो काय? आपल्यापैकी कित्येकांचे गावचे घर अकरा महिने कुलपात असते. त्याला कोणी बेवारस म्हटले, तर आपण ऐकून घेऊ काय?

"गुरेच माळ उजाड करतात," असा एक आक्षेप आहे. तो अर्धाच खरा आहे. गुरे चरून पुढे गेली, तर गवत पुन्हा फुटते. माळ उजाड होतो तो त्यांना एका जागी कोंडल्याने. तीन ऋतूंपैकी एका ऋतूचे कुरण काढून घेतले, की उरलेल्या दोहोंवर बारा महिन्यांचा भार पडतो. आधी वाट अडवावयाची आणि मग थांबल्याचा दोष जनावरास द्यावयाचा, हा कुठला न्याय?

लेखणीने असे पूर्वीही केले आहे. १८६० साली इंग्रजी अमदानीत काटकसरीसाठी अमृतमहलचे कळप मोडून विकण्यात आले. चूक उमगून १८६६ साली ते पुन्हा जमवावे लागले. गुरे तरी पुन्हा जमविता आली; भिंत घातलेले कुरण कोठून जमविणार? २००८ नंतर चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात कावलांची हजारो एकर जमीन संरक्षण, अणुशक्ती, अवकाश व विज्ञान या क्षेत्रांतील संस्थांना देण्यात आली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. या संस्था देशास हव्यात, हे आम्ही केंद्र सरकारचे सेवक नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की घेतलेली जमीन कोणाची तरी होती, हे कागदावर लिहावे. 'पडीक' या शब्दाने घेणाऱ्याची लाज झाकते आणि देणाऱ्याचा हक्क पुसला जातो.

कागद सुधारता येतो, हेही खरे. हेसरघट्ट्याचा माळ संरक्षित करण्याचा प्रस्ताव २०२१ साली राज्य वन्यजीव मंडळाने फेटाळला होता. २०२४ साली तोच मान्य झाला. माळ तोच होता. त्याकडे पाहणारी दृष्टी तेवढी बदलली.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मेजांवरून अशी प्रकरणे जातात. पुढच्या खेपेस 'पडीक' लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न टिपणीत घालावा: येथे कोणत्या ऋतूत, कोणाची गुरे येतात? उत्तर मिळेपर्यंत फाईल पुढे सरकवू नये. विलंबाबद्दल आपली ख्याती आहेच. एकदा ती सत्कारणी लागू द्यावी.