सायकल बांधावी ती वाईट दिवसासाठी

सायकल घेताना आपण सगळे चांगल्या दिवसाचा विचार करतो. मोकळा रस्ता, कोवळं ऊन, रविवारची सकाळ, टेकडीवर पोचल्यावरचा फोटो. अमेरिकेतल्या मिनियापोलिससारख्या शहरात हिवाळाभर सायकलवरून कॉलेजला आणि कामाला जाणारी मंडळी नेमकं उलटं करतात. तिथे जानेवारीत पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश जाणं नेहमीचंच. रस्त्यावर बर्फ, बर्फावर मीठ, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधार. तिथला शहाणा सायकलस्वार स्वतःला एकच प्रश्न विचारतो : वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कसा असेल? त्या दिवसाला पुरून उरेल अशी सायकल तो एकेक पार्ट जमवून बांधतो. त्यासाठी अनेक जण निवडतात ती जुनी, जाडजूड, बिनगिअरची क्रूझर.

या क्रूझरची गोष्ट जुनी आहे. 1933 साली श्विन या अमेरिकन कंपनीने 2.125 इंच रुंदीचे ‘बलून’ टायर लावलेली सायकल बाजारात आणली. भक्कम पोलादी फ्रेम, ताठ बसता येईल असं रुंद हँडल, एकच गिअर, आणि पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्येच लागणारा ब्रेक. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधली पोरं याच जुन्या सायकली भंगाराच्या भावात घेऊन डोंगरावरून सोडू लागली. 1976 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. कारण साधं होतं. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं. त्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली. आज आपण ज्याला माउंटन बाइक म्हणतो, तिची आजी ही क्रूझर.

मग हिवाळ्यात ही आजीच का कामी येते? कारण बर्फात जे बिघडू शकतं, त्यातलं बरंचसं तिच्यात मुळातच नाही. बाहेर लटकणाऱ्या गिअरच्या यंत्रणेत बर्फ आणि मीठ अडकतं. इथे ती यंत्रणाच नाही. केबलमध्ये शिरलेलं पाणी गोठतं. पेडलच्या ब्रेकला केबल नाही. रिम ओली झाली की रबराचे ब्रेक घसरतात; हबमधला ब्रेक कोरडा राहतो, आणि जाड हातमोजे घातलेल्या बोटांना लिव्हर शोधत बसावं लागत नाही. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की तो रस्त्याला जास्त चिकटतो. कडक बर्फासाठी बारीक खिळे बसवलेले टायर मिळतात. चढ असेल तर तीन गिअर हबच्या पोटात बसवता येतात. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी काढलेली ही युक्ती आजही चालते. वर लांब मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि डायनॅमोचा दिवा. थंडीत घट्ट होणार नाही असं ग्रीस. आणि पुढे एक वेगळा ब्रेक, कारण चेन तुटली की पेडलचा ब्रेकही गेलाच.

‘कस्टम’ म्हटलं की आपल्याला महागडा पेंट आणि फॅन्सी स्टिकर आठवतात. इथे त्याचा अर्थ सरळ आहे : माझा रस्ता, माझं वजन, माझी बॅग, माझं हवामान. जे लागत नाही ते काढलं, जे लागतं ते लावलं. जे लावलं ते माझ्या हाताने लावलं, म्हणून ते बिघडलं तर माझ्याच हाताने दुरुस्तही होतं.

आता तिची पार्टलिस्ट पुन्हा वाचा. लांब मडगार्ड, चेनकव्हर, डायनॅमो, ताठ बसायचं हँडल, एकच गिअर. ओळखीची वाटते ना? आजोबांची काळी सायकल! मिनियापोलिसचा पोरगा पार्ट शोधून शोधून जे जमवतो, त्यातलं बरंचसं आपल्याकडे दुकानातून निघतानाच लावून मिळायचं. कॅरिअर आणि डबल स्टँडही सोबत असायचे. ती सायकल काही परिपूर्ण नव्हती. जड होती, आणि पावसात तिच्या स्टीलच्या रिमवर ब्रेक धड लागायचे नाहीत. पण ती रोजच्या वापरासाठी बांधलेली होती. अशा सायकली वर्षानुवर्षं बनवणाऱ्या, 1951 साली सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

आज तरुणांना जी सायकल विकली जाते तिला एकवीस गिअर असतात, पुढे शॉकॲब्सॉर्बर असतात. पण मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, दिवा नसतो. म्हणजे डोंगरासाठीची सायकल, आणि तिच्यावरून जायचंय क्लासला. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो, गिअर खडखडतात, आणि सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजायला उभी राहते. मग घरचे म्हणतात, ‘बघ, म्हटलं होतं ना, गाडीच घे.’ दोष पोरांच्या आळसाला दिला जातो. खरं तर सायकलच चुकीच्या दिवसासाठी घेतलेली असते.

आपल्याकडे बर्फ नाही. आपला वाईट दिवस जुलैत येतो. नाशिक-पुण्याची थंडी म्हणजे सोपा पेपर : कानटोपी, हातमोजे, पुढे-मागे दिवे, एवढ्यात भागतं. म्हणूनच सायकल बांधायला हिवाळा उत्तम. घरातली किंवा शेजाऱ्यांची पडीक सायकल घ्या. आधी फ्रेमला तडा नाही ना, ते बघा. मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे दोन-चार संध्याकाळी बसा. बेअरिंगमधले छर्रे बदलणं, ब्रेक जुळवणं, चाकाचा आऊट काढणं शिका. शक्य असेल तर स्टीलच्या रिमऐवजी ॲल्युमिनियमची रिम बसवून घ्या. पावसात ब्रेक बरे लागतात. जूनपर्यंत सायकलही तयार होते आणि तुम्हीही.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. मिनियापोलिसचा सायकलस्वार एकट्याच्या जोरावर हिवाळा काढत नाही. शहरातून जाणाऱ्या मिडटाउन ग्रीनवे या सायकलमार्गावरचा बर्फ यंत्राने हटवला जातो. फिनलंडमधल्या औलू शहरात तर शाळकरी मुलं भर हिवाळ्यात सायकलने शाळेत जातात, कारण सायकलमार्गांची निगा ही तिथे नगरपालिकेची रोजची जबाबदारी आहे. हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 मध्ये याच गावात भरली. म्हणजे वाईट दिवसासाठी तिथे सायकलस्वार सायकल बांधतो आणि शहर रस्ता बांधतं. आपल्याकडे सायकल ट्रॅकवर टपरी, पार्क केलेल्या गाड्या आणि पेव्हर ब्लॉकचे ढीग असतात. चांगल्या दिवशीही त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून मागणी दोन्हीकडे करायला हवी. महापालिकेकडे सलग, मोकळा आणि उजेड असलेला सायकलमार्ग मागायचा. तो मिळायला वेळ लागेल. कॉलेजकडे मात्र आजच मागता येईल : छप्पर असलेला सायकल स्टँड, एक हवा भरायचा पंप आणि पान्यांचा एक डबा. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, आयटीआयमध्ये वर्कशॉप आहेच. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे सायकलींसाठी दार उघडं ठेवायला कुठल्या मोठ्या निधीची गरज नाही. आणि प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जाल तेव्हा सायकलवरूनच जा. शक्यतो पाऊस पडत असताना.