राखणदार पेशी आणि दोन एकर



गेल्या आठवड्यात एक जुने स्नेही कचेरीत आले. माती परीक्षणाचे बोलत होते, पण लक्ष दुसरीकडे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, धाकट्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. रक्तातल्या पेशी सुधारून परत देतात, त्यानं बरं वाटतं म्हणे. विहिरीजवळचे दोन एकर काढू का?"

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. जाणकारांकडून समजले ते सांगतो.

कपाशीत आपण ट्रायकोग्रामाची कार्डे लावतो. तो मित्रकीटक बोंडअळीची अंडी हुडकून संपवतो. आपल्या रक्तातही टी-पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. पण कॅन्सर घरच्याच पेशीतून उपजतो, म्हणून त्यांना तो ओळखू येत नाही. तेव्हा रोग्याच्या टी-पेशी काढून, शत्रूची खूण ओळखणारा जनुक त्यांत बसवतात आणि वाढवून शिरेतून परत सोडतात.

रक्ताच्या काही कॅन्सरवर याचा गुण आला आहे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नातून तयार झालेल्या अशा भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

स्वादुपिंडाचे मात्र तसे नाही. गाठीभोवती चिवट तंतूंचे जाळे असते, पेशी आत शिरत नाहीत. शिवाय गाठीवरच्या पुष्कळ खुणा निरोगी अवयवांवरही असतात. अमेरिकेतल्या ७१ वर्षांच्या एका बाईंच्या फुप्फुसात पसरलेल्या गाठी अशा उपचाराने सहा महिन्यांत ७२ टक्क्यांनी आटल्या, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्याच तऱ्हेच्या पेशी दिलेल्या दुसऱ्या रोग्याला मात्र गुण आला नाही. एका वाफ्याच्या पिकावरून आपण वाणाची शिफारस करत नाही. हा उपाय अजून चाचणीच्या वाफ्यातच आहे.

म्हणून मी त्यांना म्हटले, "जमीन काढू नका. कागद घेऊन कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया होईल का, हे आधी विचारा. चाचणी चालू असेल तर तेच सांगतील. आगाऊ लाखो रुपये मागून खात्री देणारा बोगस बियाणे विकणाऱ्यासारखाच समजा."

एक गोष्ट मनाला लागली. भावाचे डोळे पिवळे झाले, तेव्हा दोन महिने कावीळ उतरवण्यात गेले. गाठ लहान असताना सापडली तरच ती कापून काढता येते. तेव्हा कावीळ, पाठीत जाणारी पोटदुखी, वजनातली घट, उतारवयात एकाएकी लागलेला मधुमेह, यांतले काही दिसले तर आधी डॉक्टर गाठा. आणि विडी-सिगारेट आजच सोडा, त्यानेही हा रोग वाढतो.

स्नेही परवा मुंबईला गेले. सातबारा घरीच आहे.