पुडी देवळीतच राहिली

पावसाळा लागला की आमच्या रत्नागिरीत एक वाक्य हमखास कानावर येतं. खेड्यात उपचार पोचत नाहीत, म्हणून जुलाबाने पोरं हैराण होतात. वाड्या डोंगरात, एसटी दिवसातून दोनदा, रात्री रिक्षा मिळत नाही, हे सगळं कबूल. तरी या आजाराच्या बाबतीत ते वाक्य मला पटत नाही.

एका गणपतीत संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत होतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या दीड वर्षांच्या मुलाला सकाळपासून सहा-सात वेळा पातळ झालेलं. डोळे खोल गेलेले, रडला तर पाणी नाही. आजी म्हणाली, टाळू बसलीय. बाप बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिकचं सिरप आणि जुलाब आवरायचं आणखी एक औषध लिहून घेऊन आला. वर स्वतःच्या अकलेने ‘ओआरएस’ असं ठळक छापलेले, सफरचंदाच्या चवीचे दोन टेट्रापॅक. आणि देवळीत, वातींच्या डबीशेजारी, आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी जूनमध्ये घरी आणून दिलेली ओआरएसची सरकारी पुडी. न फोडलेली. शेजारी झिंकच्या गोळ्यांची पट्टी, तीही अख्खी.

म्हणजे उपचार पोचला होता. चुलीपासून चार हातांवर होता.

यावर सुशिक्षितांचं उत्तर तयार असतं: लोकच अडाणी, त्यांना सुई आणि सलाईन लागते, पुडी दिली तर डॉक्टर बदलतात. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. मग 2024 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचला. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून जास्त खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे संशोधकांनी पालकांचं सोंग घेतलेली माणसं पाठवली. घरी मूल जुलाबाने आजारी आहे, औषध द्या, एवढंच सांगायचं. ओआरएस का दिलं जात नाही, याचा हिशेब मांडल्यावर पुडी दुकानात नसणं हे कारण जेमतेम 6 टक्के निघालं, महागड्या औषधातल्या नफ्याचा मोह 5 टक्के. सगळ्यात मोठा वाटा, 42 टक्के, डॉक्टरांच्या एका समजुतीचा होता: पालकांना ही पुडी नकोच असते. पालकांना विचारलं, तर त्यांची नावड डॉक्टर धरून चालतात तेवढी नव्हतीच. आईला वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं नाही म्हणजे कामाचं नसेल. डॉक्टरांना वाटतं, बाई नाराज होईल. दोघंही एकमेकांची मर्जी राखतात आणि पोर सुकतं. कर्नाटक-बिहारचं कोकणाला कसं लावता, असं कोणी म्हणेल. आकडे तिकडचे असतील, पण हा मुका संवाद मी इथे पुष्कळदा पाहिला आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा. पुडीने जुलाब थांबत नाहीत. खरंच थांबत नाहीत, लगेच तर नाहीतच. ती जुलाबावरचं औषध नाही. अंगातून जे पाणी आणि मीठ गेलं ते परत भरण्याचा उपाय आहे. आतडं बिघडलेलं असतानाही साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. जिथे शेकड्याला तीसच्या आसपास माणसं मरत होती, तिथे हा आकडा चारच्या खाली आला.

टेट्रापॅकात नेमकं साखर-मिठाचं हे प्रमाणच नसतं. साखर जास्त झाली की ती पाणी उलट आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. असल्या पेयांवर ‘ओआरएस’ छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. उशिरा केली, पण केली.

आमच्या म्हाताऱ्यांची पेज मात्र मी मोडीत काढणार नाही. मीठ घातलेली पातळ पेज ही सुरुवात उत्तमच. पण जुलाब वाढले की तिच्यावर विसंबू नये, आणि ‘पोटाला आराम’ म्हणून अंगावरचं दूध तोडणं तर सरळ चूक.

त्या दिवशी आशाताईंना बोलावलं. त्यांनी एक लिटरची बाटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि अख्खी पुडी त्यात रिकामी केली. पेल्यात चिमूट-चिमूट टाकायची नाही, हे दोनदा बजावलं. मग चमचा-चमचा. पोराने ओकलं, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून दिली. ती रोज एक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. शौचातून रक्त पडलं किंवा पोर पिईनासं झालं तर मात्र घरी थांबायचं नाही, गाडी काढायची, हेही सांगितलं. तासा-दीड तासाने पोराने चमच्याकडे स्वतःच तोंड नेलं. संध्याकाळी लंगोट ओला झाला, तेव्हा आजी आरती सोडून तो दाखवायला ओटीवर आली.

मग बापाने आणलेली चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. विचारलंन, “ह्यात त्या पुडीचा नाव हाय काय?”

मी नाही म्हटलं.

“मंग डाक्टरान का नाय सांगितलान?”