जुन्या लेखण्यांचा सौदा

वडिलांच्या मागे कपाटात फाउंटन पेनांचा संग्रह निघतो आणि वारस तो एकाच दलालाला उक्त्या भावाने देऊन मोकळे होतात. व्यापाऱ्याच्या घरी हे शोभत नाही. १९४१ साली बाजारात आलेले ‘पार्कर ५१’ आणि राजमहेंद्रीचे हातघडणीचे ‘रत्नम’ एकाच तागडीत कसे तोलावे? प्रथम नगवार यादी करावी. झिलई मात्र करू नये. तिने कोरीव अक्षरे झिजतात व मोल उतरते. उत्तम नग संग्राहकास सुटा विकावा, सामान्य माल एकगठ्ठा द्यावा. टोपणाला तडा असल्यास तो आधीच सांगावा. दोष सांगून केलेला सौदा मोडत नाही. आणि लेखणीबरोबर वडिलांचे नावही ग्राहकाच्या घरी जाते, हे विसरू नये.